वर्गाच्या खिडकीचं बिल

न्यू मेक्सिको राज्यातल्या आर्टेशिया गावात १९६२ साली एक प्राथमिक शाळा सुरू झाली. तिचं नाव आबो एलिमेंटरी. ही शाळा पूर्णपणे जमिनीखाली होती आणि वर्गांवरचा काँक्रीटचा स्लॅब हेच मुलांचं मैदान होतं. अणुबॉम्ब पडलाच तर २,१६० माणसांना आसरा मिळावा म्हणून ती तशी बांधली होती. आसऱ्यासाठी लागलेला जास्तीचा खर्च वॉशिंग्टनच्या सरकारने उचलला होता. तिच्या एकाही वर्गाला खिडकी नव्हती. युद्धाची भीती हे मुख्य कारण; पण बिनखिडक्यांच्या शाळांची बाजू घेणारे आणखीही कारणं देत. धूळ आत येत नाही, ऊन तापवत नाही, मुलांचं लक्ष बाहेर जात नाही, असं ते म्हणत. १९९५ पर्यंत मुलं तिथे शिकली.

ही शाळा सुरू होण्याच्या नव्वद वर्षं आधी लंडनमध्ये नेमकं उलट घडलं होतं. करदात्यांच्या पैशातून शाळा बांधायला निघालेल्या मंडळाने सुरुवातच खिडकीपासून केली होती. मोठी खिडकी, मग खिडकीच नाही, आणि तिथून पुन्हा खिडकीकडे असा हा दीडशे वर्षांचा रस्ता आहे. शाळेतल्या उबेवर, उजेडावर आणि हवेवर सार्वजनिक पैसा कसकसा खर्च झाला हे शोधायचं तर मला हाच रस्ता सर्वांत सरळ वाटतो. सरकारने पैसे देताना वहीत जे रकाने आखले, त्यांचा पहिला परिणाम दर वेळी खिडकीवर झाला.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. ब्रेस्लाऊ शहरातल्या हर्मन कोन या नेत्रवैद्याने १८६० च्या दशकात १०,०६० विद्यार्थ्यांचे डोळे तपासले. जसजशी इयत्ता वरची, तसतशी लांबचं न दिसणारी मुलं जास्त, असं त्याला आढळलं. त्याने दोष दिला तो अंधाऱ्या वर्गांना आणि वेड्यावाकड्या बाकांना. काचेचं क्षेत्रफळ वर्गाच्या जमिनीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं असावं आणि उजेड डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडणार नाही, हे नियम याच चर्चेतून देशोदेशी गेले. मूल उघड्यावर जितका वेळ काढतं तितका या दृष्टिदोषाचा धोका कमी होतो, असं आजचं संशोधनही सांगतं. कोनने बोट ठेवलं होतं ती जागा अगदीच चुकीची नव्हती.

इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने स्थानिक करातून शाळा बांधण्याचा अधिकार स्कूल बोर्डांना दिला. लंडन बोर्डाचे वास्तुरचनाकार ई. आर. रॉब्सन यांनी १८७४ साली ‘स्कूल आर्किटेक्चर’ हा ग्रंथच लिहिला. त्यांच्या उंच खिडक्यांच्या बहुमजली शाळा गरीब वस्त्यांच्या छपरांच्या वर डोकं काढून उभ्या राहिल्या. ज्या मुलांच्या घरी उजेडाची एक फटही नव्हती, त्यांच्या वाट्याला सरकारी पैशातून भिंतभर आकाश आलं. कोळसा स्वस्त होता. काचेतून किती ऊब निसटते, हे मोजायला कोणी बसलं नव्हतं.

हवेचा हिशेब मात्र लवकर सुरू झाला, आणि तो अमेरिकेत. प्रत्येक मुलामागे मिनिटाला ३० घनफूट ताजी हवा मिळालीच पाहिजे, असा नियम तिथल्या अनेक राज्यांनी केला. एवढी हवा खिडकीतून येईल याची खात्री नाही, म्हणून तळघरात मोठे पंखे आणि वाफेचे बॉयलर बसले. बाहेरची गार हवा ओढायची, तापवायची आणि वर्गात ढकलायची, म्हणजे हवेचा प्रत्येक घनफूट आता कोळसा खाऊ लागला. त्याच सुमारास क्षयाच्या धास्तीने दुसरं टोक गाठलं गेलं. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये १९०४ साली नगरपालिकेने अशक्त मुलांसाठी रानात शाळा भरवली. १९०७ मध्ये लंडनने आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सने तेच केलं. मुलं भर थंडीत कांबळी पांघरून उघड्या वर्गात धडे गिरवत.

या दोन टोकांमधला निवाडा करायला न्यूयॉर्क राज्याने १९१३ मध्ये एक आयोग नेमला. सार्वजनिक आरोग्यातलं त्या काळचं मोठं नाव, सी.-ई. ए. विन्स्लो, त्याच्या अध्यक्षपदी होते. १९२३ साली अहवाल आला. त्याचा मथितार्थ असा, की शाळेच्या वर्गासाठी तळघरातल्या पंख्यापेक्षा उघडणारी खिडकी आणि गरम हवा आपोआप वर खेचून नेणारं धुराडं बरं. मला हा अहवाल फार महत्त्वाचा वाटतो. स्वस्त काय आणि मुलाच्या तब्येतीला मानवणारं काय, या दोन प्रश्नांचं उत्तर तिथे एकच निघालं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत ही उत्तरं एकमेकांपासून फाकत गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९४५ च्या नियमांत वर्गातल्या प्रत्येक बाकापर्यंत किती नैसर्गिक उजेड पोचला पाहिजे याचा किमान आकडाच घातला. बाहेरच्या उघड्या आभाळाच्या उजेडाचा निदान २ टक्के हिस्सा आत हवा होता. सिमेंट-विटांची टंचाई, मुलांची संख्या वाढती आणि वर हा नियम, म्हणून हर्टफर्डशायरसारख्या परगण्यांनी हलक्या लोखंडी सांगाड्यांच्या काचेरी शाळा झपाट्याने उभारल्या. त्यांत माया होती; बाकाची उंचीसुद्धा मुलांना विचारात घेऊन ठरवलेली होती. पण काचेचा हव्यास वाढत गेला. नॉर्फोकमधल्या हन्स्टन्टनची १९५४ सालची शाळा वास्तुकलेच्या पुस्तकांत अजरामर झाली. तिच्या वर्गांत मात्र मुलं उन्हाळ्यात भाजत आणि हिवाळ्यात कुडकुडत. चौकटीत थेट बसवलेल्या काचा तडकत, तो खर्च वेगळाच.

या काचेला कोणीतरी कामाला लावायला हवं होतं, आणि ते एका पालिकेच्या नोकरदाराने केलं. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडे वॉलसी नावाचं गाव आहे. तिथल्या पालिकेचे सहायक वास्तुरचनाकार एम्स्ली मॉर्गन यांनी रचलेली सेंट जॉर्जेस शाळा १९६१ मध्ये पुरी झाली. तिची दक्षिणेची अख्खी भिंत काचेची, तीही दुहेरी, दोन काचांमध्ये सुमारे ६० सेंटिमीटरची पोकळी. बाकीच्या भिंती आणि छत जाड, भरीव बांधणीचं, आणि त्यावर बाहेरून उष्णतारोधक थर. दिवसा आत शिरलेलं ऊन हे बांधकाम साठवून ठेवी आणि सावकाश परत देई. त्यात भर पडे ती दिव्यांच्या उष्णतेची आणि मुलांच्या अंगच्या उबेची. नेहमीची हीटरची व्यवस्थाही बसवलेली होती, पण तिची गरज जवळजवळ भासली नाही. इंग्लंडच्या त्या ढगाळ किनाऱ्यावर, तेलाच्या संकटाच्या बारा वर्षं आधी, करदात्यांच्या पैशात हे उभं राहिलं होतं.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे या शाळेची मोजमापं घेतली. कौतुकासोबत एक अडचणही वर आली. ऊब टिकायची तर हिवाळ्यात खिडक्या बंद हव्यात, आणि त्या बंद ठेवल्या की वर्गातली हवा कोंदट होते, वास मारते. मॉर्गनची शाळा आज ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे, ते योग्यच आहे. पण तिने दाखवून दिलेली ही अडचण तेव्हाच गांभीर्याने घेतली गेली असती, तर पुढची वीस वर्षं निराळी गेली असती.

अमेरिकेत तोवर वीज इतकी स्वस्त झाली होती की खिडकीचा उजेड आणि वारा दोन्ही अनावश्यक वाटू लागले. ट्यूबलाइट आणि एअर कंडिशनर एकत्र आले, आर्टेशियासारख्या शाळा निघाल्या. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तर एका शाळेच्या खिडक्या बंद करून मुलांच्या अभ्यासावर काय परिणाम होतो ते पाहिलं. १९६५ च्या त्यांच्या अहवालानुसार गुणांत फारसा फरक पडला नाही. गुण हा एकच रकाना असल्यावर दुसरं काय निघणार? मुलाचं आभाळ गेलं, ते कोणत्याही रकान्यात नव्हतं.

मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. इंधनाचे भाव कडाडले आणि शाळा चालवणाऱ्या मंडळांचे डोळे पांढरे झाले. खरा धक्का १९७७ च्या हिवाळ्यात बसला. त्या वर्षी नैसर्गिक वायूची टंचाई एवढी झाली की ओहायोतल्या कोलंबस शहराला फेब्रुवारीत बहुतेक शाळांच्या इमारती बंद ठेवाव्या लागल्या. टीव्ही, रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून धडे दिले गेले. मुलं आठवड्यातून एखादा दिवस चालू असलेल्या एखाद्या इमारतीत जमत. ऊब नाही म्हणून शाळा नाही, हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने अनुभवलं.

९ नोव्हेंबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यात शाळा आणि रुग्णालयांसाठी वेगळी अनुदान योजना होती. माझ्या समजुतीप्रमाणे शालेय इमारतींची ऊर्जा वाचवण्यासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिलेला हा पहिला सरकारी पैसा. निम्मा खर्च वॉशिंग्टनचा, निम्मा शाळेचा. फार गरीब संस्थांना जास्त मदत. २० एप्रिल १९७७ पूर्वी बांधलेल्या इमारतीच पात्र. आधी ऊर्जेची तपासणी, मग तंत्रज्ञाचा अहवाल, मग कामाला पैसे. ही तीन पायऱ्यांची रीत इतकी पक्की ठरली की आज कुठल्याही देशातली अशी योजना उघडून पाहा, हाडं तीच दिसतील. पुढे या योजनेला एक अनपेक्षित झरा मिळाला. तेलाच्या दरांवर सरकारी बंधन असताना कंपन्यांनी जादा आकारलेले पैसे न्यायालयांनी परत करायला लावले. एकट्या एक्सॉनला १९८६ मध्ये सुमारे २ अब्ज डॉलर भरावे लागले, आणि ते राज्यांना ऊर्जाबचतीच्या कामांसाठी वाटले गेले. टेक्ससने त्यातून १९८८ मध्ये ९.८६ कोटी डॉलरचा फिरता कर्जनिधी काढला. शाळा, महाविद्यालयं, सरकारी कार्यालयं कर्ज घेत, वाचलेल्या बिलातून फेडत, आणि तोच पैसा पुढच्याला मिळे. काम झाल्यावर मीटर लावून बचत खरोखर झाली का हेही तपासलं जाई. सार्वजनिक पैशाची इतकी प्रामाणिक राखण क्वचित दिसते.

पण वही पाहा. कोणत्या कामाला आधी पैसा, हे ठरे ते मुख्यतः खर्च किती वर्षांत बिलातून वसूल होईल त्यावर. काच ही भिंतीपेक्षा कितीतरी पट ऊब गमावते. तेव्हा जुन्या उंच खिडक्यांचा मोठा भाग पत्र्या-फोमच्या फळ्यांनी बुजवला गेला आणि उरलेल्या चौकटी उघडणार नाहीत अशा बसवल्या गेल्या. बाहेरून घेतलेली हवा तापवावी लागते, म्हणून हवाही कापली. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या, ‘ॲश्रे’च्या, १९८१ च्या मानकात वर्गातल्या प्रत्येक मुलामागे किमान हवा मिनिटाला अवघी ५ घनफूट उरली. शतकाच्या सुरुवातीचा कायदा ३० म्हणत होता. बंद इमारतींत डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, झापड येणं अशा तक्रारी वाढल्यावर १९८९ मध्ये तो आकडा १५ वर नेला. पण तोवर फळ्या बसल्या होत्या, चौकटी जाम झाल्या होत्या. मानक बदललं तरी जुन्या इमारतीची खिडकी आपोआप उघडत नाही.

उजेडाचं पारडं पुन्हा वर आलं ते १९९९ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीसाठी हेशाँग महोन या अभ्यासगटाने तीन शालेय जिल्ह्यांतल्या हजारो मुलांचे निकाल वर्गातल्या नैसर्गिक उजेडाशी ताडून पाहिले. कॅपिस्ट्रानो जिल्ह्यात सर्वाधिक उजेडाच्या वर्गांतली मुलं वर्षभरात गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के जास्त वेगाने पुढे गेली होती. बातमी जगभर झाली. त्याच गटाने २००३ मध्ये फ्रेझ्नो इथे पुन्हा पाहिलं तेव्हा केवळ जास्त उजेडाचा असा फायदा दिसला नाही. खिडकीतून दिसणारं दृश्य उपकारक ठरलं, डोळ्यांवर येणारी तिरीप अपायकारक. पहिला आकडा सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही. मला दुसरा जास्त शिकवतो. खिडकीची दिशा, तिच्यावरची सावली आणि तिच्यापलीकडचं झाड यांचा विचार न करता नुसती काच वाढवून मुलाचं भलं होत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ३९’ मंजूर केलं. राज्याबाहेरच्या कंपन्यांना कर वाचवू देणारी एक पळवाट बुजवायची आणि त्यातून येणाऱ्या पैशातले वर्षाला ५५ कोटी डॉलरपर्यंत पाच वर्षं स्वच्छ ऊर्जेला द्यायचे, असा तो कौल होता. विधिमंडळाने २०१३ मध्ये हा पैसा मुख्यतः शाळांकडे वळवला. अमेरिकेतल्या शाळांचं ऊर्जेचं बिल वर्षाला सुमारे ८ अब्ज डॉलर, पगारांच्या खालोखाल मोठा खर्च. म्हणून बिल कमी म्हणजे शिक्षकांना पैसा जास्त, ही मांडणी लोकांना पटली, आणि ती खरीही होती. एलईडी दिवे आले, जुनी वातानुकूलन यंत्रं बदलली. कामाची अट अशी, की घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे आयुष्यभरात निदान १.०५ डॉलरची बचत दिसली पाहिजे.

त्यानंतर कॅलिफोर्नियातल्याच संशोधकांनी ११ शाळांतले १०४ वर्ग तपासले. या सर्व वर्गांत नुकतीच नवी यंत्रं बसली होती. राज्याच्या नियमाएवढी ताजी हवा मिळत होती फक्त १५ टक्के वर्गांत. पंखे चुकीचे जोडलेले, नियंत्रकं चुकीच्या आकड्यावर लावलेली, फिल्टर तुंबलेले. बिलाच्या रकान्यात ही यंत्रं उत्तीर्ण होती. मुलांच्या श्वासाचा रकानाच नव्हता, त्यामुळे तिथे कोणी नापास ठरत नव्हतं.

२०२० च्या कोरोना साथीने तो रकाना जबरदस्तीने आखायला लावला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अंदाज दिला होता, की सुमारे ३६,००० शाळांची हवा-तापमानाची व्यवस्था दुरुस्तीला आली आहे. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने नवा कायदा केला. त्याच्या अनुदानात यंत्रांची तपासणी, हवेचं मोजमाप आणि वर्गावर्गात कार्बन डायऑक्साइड दाखवणारं मीटर यांचा समावेश होता. इंग्लंडने २०२१ मध्ये अशी ३ लाख मीटरं शाळांना पाठवली. भिंतीवरचा आकडा चढला की मूलच उठून खिडकी उघडतं. विन्स्लोंच्या आयोगाने म्हटलं होतं, त्याच्या जवळपास आपण शंभर वर्षांनी पोचलो. नोव्हेंबर २०२१ च्या अमेरिकी पायाभूत सुविधा कायद्यात शाळांच्या ऊर्जेसाठी ५० कोटी डॉलर ठेवले गेले, आणि त्या कार्यक्रमात मुलांचं आरोग्य हा उद्देश बचतीच्या बरोबरीने नोंदवला गेला. या जागी यायला एवढी वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

महाराष्ट्रातली वाट वेगळी आहे, कारण इथे ऊब धरून ठेवायची नसते, ऊन अडवायचं असतं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन मोठ्या खोल्या आणि सोबत व्हरांडा हवा, असा दंडक घातला. तो व्हरांडा ऊर्जाबचतीसाठी म्हणून कोणी लिहिला नव्हता. पण पडवीमुळे भिंतीवर थेट ऊन येत नाही आणि धो धो पावसातही खिडकी उघडी राहू शकते. माझ्या मते आपल्या सरकारी शाळांना मिळालेलं ते सर्वांत चांगलं वातानुकूलन आहे. पुढे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात आणि नंतर ‘बाला’ उपक्रमातून इमारतच मुलाचं पुस्तक करण्याचा विचार आला. गजांच्या जाळीतून अक्षरं गिरवता येतील अशा खिडक्या काही शाळांना मिळाल्या. खिडकीकडे मुलाच्या बाजूने पाहणारी ती दुर्मीळ सरकारी नजर होती.

२०१५ नंतर गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग झाले. त्यामागची जिद्द मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण प्रोजेक्टरसाठी खिडकीवर जाड पडदा आला, पडद्याने वारा अडवला, वाऱ्यासाठी पंखा लागला आणि पंख्याने मीटर पळवलं. २०१२ च्या वीजदर आदेशात नियामक आयोगाने शाळांना व्यापारी दरातून काढून ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वर्ग दिला. पण दर बदलला तरी बिल भरायला पैसा हवाच. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये होतं. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि वीज, सगळं त्यातूनच भागवायचं. वाडी-वस्तीवरच्या गुरुजींनी वीज तोडायला आलेल्या माणसाला आपल्या खिशातून पैसे दिल्याच्या गोष्टी ऐकू येतात, त्या या आकड्यातून जन्मतात.

आता छतांवर सौर पॅनेल येताहेत. ती यावीत, पुष्कळ यावीत. पण तापलेल्या पत्र्याखाली बसलेल्या मुलांचा घाम पॅनेलने उतरलेल्या बिलात दिसत नाही. मार्च उजाडला की आपण सकाळची शाळा करतो, आणि उन्हाशी झुंजण्याचा आपला एकमेव सरकारी उपाय तिथेच संपतो. शाळा दुरुस्तीचा पैसा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून जातो आणि शाखा अभियंत्याने केलेल्या अंदाजपत्रकावर मंजूर होतो. त्या कागदात विटा, वाळू, रंग आणि वायरिंग यांना ओळी आहेत. दुपारी दोन वाजता छताखाली तापमान किती आणि खिडकीचा उघडणारा भाग किती चौरस फूट, या दोन नोंदी त्याच कागदात बंधनकारक करता येतील. त्यासाठी एक थर्मामीटर आणि एक टेप पुरे.